जळगावात बसून कुप्याचं पोट वाचायचं कसं

आपल्याकडे मासा म्हटलं की रोहू, कटला, फार तर मरळ नाहीतर वाम, तेही हतनूर नाहीतर गिरणा धरणाचं. समुद्राचं येतं ते थर्माकोलच्या पेटीत बर्फाखाली, आणि त्यात कधीमधी एक टणक गोल अंगाचा, दोन्ही टोकांना निमुळता मासा असतो, कोणी कुपा म्हणतं कोणी गेदर, दोन्ही टुनाच. मी शाळेत विज्ञान शिकवतो, आमच्या निम्म्या पोरांनी समुद्र बघितलेलाच नाही, म्हणून मी वर्षातून एकदा हा मासा वर्गात नेतो. तो भर समुद्रात काय खात होता ते त्याच्या पोटातच सापडतं, फक्त बघायचं कसं ते माहीत पाहिजे.

आधी घेताना. मोठ्या माशाचं पोट बरेचदा बोटीवरच काढलेलं असतं, तो आपल्या कामाचा नाही. दोन-अडीच किलोचा अख्खा घ्या आणि मासे विकणाऱ्या मावशीला आधीच सांगा की साफ करू नका, पोट मला पाहिजे. मला पहिल्या वेळी मावशी म्हणाल्या, "काय करी राह्यनात मास्तर?" आता त्या स्वतःच बाजूला काढून ठेवतात. छातीच्या पंखाखाली दोन-चार काळे ठिपके आणि पाठीवर मागच्या बाजूला तिरक्या वेड्यावाकड्या रेघा असतील तर तो कावाकावा, किनाऱ्याजवळचा छोटा टुना.

बर्फाचं मात्र हयगय करायची नाही. टुना गरम राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही, खाल्लं की अंगावर लाल चट्टे येतात, डोकं धरतं, मळमळतं. मे महिन्यात आपला पारा ४४-४५ ला असतो तेव्हा मी हा प्रयोग करतच नाही, थंडीत करतो. शिवाय मेल्यावरही पोटातला रस काम करतच राहतो, उशीर झाला की आतलं सगळं पीठ होऊन जातं.

चाकू लावायच्या आधी तोंड आणि कल्ले बघा, अर्धी गोष्ट तिथेच कळते. दात बारीक, भक्ष्य धरायला पुरतील एवढेच, कारण टुना अख्खा गिळतो. मग कल्ल्याचं झाकण उचला, पहिल्या कमानीच्या आतल्या बाजूला कंगव्यासारखे काटे दिसतील ते टाचणीने एकेक सरकवत मोजा. कावाकावाला २९ ते ३३, आणि टुनाच्याच दुसऱ्या जातींपैकी येलोफिनला साधारण २६ ते ३४, स्किपजॅकला ५३ ते ६३. एवढा दाट कंगवा असल्यामुळे स्किपजॅकच्या तोंडातून बारीक झिंगेसुद्धा निसटत नाहीत. शेजारी एक कटल्याचं डोकं ठेवा, त्याचे काटे लांब आणि इतके दाट की पाण्यातले बारीक जीव गाळून खातो. पोरांना हे दोन कंगवे बाजूबाजूला दाखवले की वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

आता पोट. गुदद्वारापासून गळ्यापर्यंत वरवरचा काप द्या, खोल गेलात तर जठर फाटेल. यकृताला लागून एक तपकिरी गठ्ठा असतो तो जठर नाही, ती पचनाच्या बारीक नळ्यांची जुडी आहे, जठर म्हणजे मागे लांब गेलेली पिशवी. ती कापून ट्रेमध्ये उघडा, थोडं पाणी घालून जुन्या चहाच्या गाळणीतून गाळा आणि चिमट्याने तीन ढीग करा, मासे, माकूल (स्क्विड), झिंगे-खेकडे. टुनाचं खाणं बहुतेक या तिनांतच बसतं, फक्त प्रमाण जागेप्रमाणे बदलतं, म्हणजे अरबी समुद्रात भर पाण्यातला येलोफिन माकूल आणि पोहणारे खेकडे भरपूर खातो आणि किनाऱ्याजवळचा कावाकावा तारली-मांदेलीच्या जातीचे छोटे मासे. स्वतःच्याच जातीची पिल्लंही टुना सोडत नाही.

मागच्या खेपेला आमच्या माशात नऊ मांदेल्यांसारखे मासे निघाले, वरचे दोन चंदेरी, खवले शाबूत, खालचे नुसते कणे आणि पांढरा चिखल, पण चावल्याची खूण एकावरही नव्हती. एका पोरीने विचारलं सर यांना कळलंसुद्धा नसेल का, मी म्हटलं बाळा बहुतेक नसेल.

ओळखता न येणाऱ्या चिखलातही दोन गोष्टी शोधायच्या. माकुलाची चोच, काळपट तपकिरी, हुबेहूब पोपटाच्या चोचीसारखी, ती लवकर पचत नाही. आणि माशांच्या कानातले पांढरे खडे, तांदळाच्या कणीएवढे किंवा त्याहून बारीक, त्यांच्या आकारावरून जाणकार जातही सांगतात. कोणी कापलेला ताजा तुकडा मिळाला तर तो गळाला लावलेलं आमिष असू शकतं, तो मोजू नका.

पोट रिकामं निघालं तर नाराज होऊ नका, बरेचदा निघतं. गळाला लागल्यावर टुना ओकतो, आणि त्याचं पचनही जलद आहे. रक्तवाहिन्यांची एक जाळी स्नायूंमधली ऊब कल्ल्यांतून पाण्यात जायच्या आत परत अंगात फिरवते, म्हणून अंग समुद्रापेक्षा गरम. वर तो थांबूच शकत नाही, तोंड उघडं ठेवून पोहत राहिला तरच कल्ल्यांना ऑक्सिजन मिळतो. एवढ्या धावपळीला येलोफिनला रोज वजनाच्या साधारण ४ टक्के खाणं लागतं, म्हणजे ५० किलोच्या माशाला दिवसाला २ किलो. शिकार तो मुख्यतः डोळ्यांनी, उजेडात करतो. बिगआय जातीचा टुना मात्र दिवसा ३००-५०० मीटर खाली जातो कारण त्याचं भक्ष्य उजेडापासून लपायला तिथे उतरतं, आणि रात्री त्याच्या मागोमाग वर येतो.

शेवटी चोची स्पिरिटमध्ये ठेवा, कानातले खडे मात्र धुऊन कोरडेच, फॉर्मॅलिनमध्ये ते झिजतात. बाटलीवर तारीख, माशाची लांबी, वजन आणि पोट किती भरलेलं होतं ते पेन्सिलने लिहा, पेनाची शाई स्पिरिटने पुसली जाते.