फीड लाइन आणि साताऱ्याचा वारा: या चुका टाळा

हॅम (हौशी) रेडिओचा परवाना हाती आला की महिन्याभरात गच्चीवर डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेली तारेची अँटेना, चढतो, आणि वळवाच्या पहिल्या तडाख्यानंतर मला फोन येतो की "काका, एसडब्ल्यूआर अचानक वाढलाय." (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती शक्ती यंत्राकडे परत येते याचे माप, कमी तितके चांगले.) केबलचे वजन कशावर पेलले आहे, असा माझा ठरलेला प्रश्न असतो आणि बहुतेकांना तो प्रश्नच कळत नाही. अँटेनाच्या लांबीचा हिशेब सेंटिमीटरपर्यंत केलेला असतो, यंत्रापासून अँटेनापर्यंत जाणारी केबल, म्हणजे फीड लाइन, मात्र मधल्या इन्सुलेटरपासून थेट खिडकीपर्यंत लोंबकळत सोडलेली असते.

आपल्याकडे वारा दोन तऱ्हांचा आहे. ज्याच्या भरवशावर चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, तो पावसाळ्यातला पश्चिमेचा वारा दिवसचे दिवस थांबत नाही आणि केबलला सारखा हलवत ठेवून सांधे हळूहळू निकामी करतो. एप्रिल-मेमधला वळवाचा वारा अर्ध्या तासाचाच असतो, पण त्याच्या झोताला ठरलेली दिशा नसते, आणि वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, हे नवशिक्यांच्या गणितात सहसा नसते.

सर्वांत महागाची चूक म्हणजे केबलचा भार डाख दिलेल्या सांध्यावर टाकणे. ती मीही केलेली आहे. यवतेश्वरच्या पायथ्याशी राहत असताना मी चाळीस मीटर तरंगलांबीच्या बँडचा, सुमारे 20 मीटर लांबीचा डायपोल जीआय पाइपच्या टोकाला बांधला आणि आरजी-213 ही, मध्ये तार आणि तिच्याभोवती तांब्याची जाळी असलेली, केबल सरळ खाली सोडली. या केबलचे वजन मीटरला साधारण 150 ग्रॅम असते, म्हणजे दहा मीटरचे दीड किलो, आणि ते सगळे मधल्या तारेच्या व जाळीच्या डाखावर. वर्षभर काही झाले नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. मग मे महिन्यातल्या एका वादळानंतर एसडब्ल्यूआरचा काटा वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर उड्या मारू लागला. दोन संध्याकाळी मी ट्रान्सीव्हर आणि ट्यूनर तपासण्यात घालवल्या, कारण गच्चीवर चढण्याचा कंटाळा होता. शेवटी अँटेना उतरवली, केबलच्या वरच्या टोकाला दोन्ही वाहक एकमेकांना जोडले, खालच्या टोकाला मल्टिमीटर लावला आणि शेजारच्या मुलाला वरचे टोक हलवायला सांगितले, तेव्हा जोडणी तुटताना आणि जुळताना स्पष्ट दिसली. मधली तार शाबूत होती, पण जाळीचा एकेक धागा तुटत जाऊन जेमतेम चार-पाच धागे उरले होते. वाऱ्याबरोबर काटा हलत असेल तर दोष यंत्रात नसून वर आहे, एवढे मला त्या दिवशीच सुचायला हवे होते.

तेव्हापासून मी केबलला इन्सुलेटरजवळ दहा सेंटिमीटर त्रिज्येचा वळसा देतो, तो पॉलिएस्टरच्या दोरीने इन्सुलेटरलाच बांधतो आणि डाखाकडे जाणारा तुकडा सैल ठेवतो. खाली पाइपला साधारण मीटरभर अंतराने बांधतो, पण अंतरे मुद्दाम कमीजास्त ठेवतो, कारण सारख्या अंतरांवर बांधलेली केबल वाऱ्यात एका तालात थरथरताना मी पाहिली आहे.

दुसरी चूक नेमकी उलटी असते. केबल नीटनेटकी दिसावी म्हणून ती ताणून बांधतात. पाइप वाऱ्यात झुलतो आणि डायपोलचे टोक आंब्याच्या फांदीला बांधले असेल तर फांदी त्याहून जास्त झुलते, तो सगळा हिसका शेवटी कनेक्टरला बसतो. झाडाकडच्या दोरीला कप्पी आणि वजन लावावे, आणि घरात शिरण्यापूर्वी केबलला खाली झुकणारा झोल ठेवावा, म्हणजे पाणीही तिथूनच गळून पडते. हा झोल कठड्याच्या सिमेंटवर घासत नाही ना, ते मात्र पाहावे. एका पावसाळ्यात आवरण कापले गेल्याचे मी पाहिले आहे.

बाकीच्या चुकांना एकेक वाक्य पुरे. पांढरे केबल टाय उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, काळे घ्यावेत. लोखंडी क्लॅम्प इतका आवळू नये की केबल चपटी होईल. दोन समांतर तारांची, शिडीसारखी उघडी फीड लाइन वाऱ्यात फडफडते, तिला मीटरमागे एक पीळ द्यावा. गडगडाट सुरू होण्याआधीच लाइन यंत्रापासून सोडवून अर्थला जोडावी, आणि त्यानंतर तिला हात लावू नये. साधी इन्सुलेशन टेप दोन उन्हाळ्यांत चिकट होऊन सुटते, म्हणून कनेक्टरवर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप ताणून गुंडाळावी.

पावसाळ्यात एसडब्ल्यूआर आपोआप सुधारला तर आनंद मानू नये. वाऱ्याने सैल झालेल्या सांध्यातून पाणी जाळीत शिरले की केबलमधला व्यय वाढतो, परत येणारी शक्ती वाटेतच जिरते आणि मीटर चांगला आकडा दाखवतो. अशा वेळी मी वरच्या टोकाकडून वीतभर केबल कापतो, आणि जाळी काळवंडलेली दिसली तर लखलखीत तांबे लागेपर्यंत कापत जातो. दोन मीटर कापूनही तांबे काळेच असेल, तर ती केबल भंगारात जाते.