क्रूझवर शांत खोली हवी? केबिन घेताना या चुका टाळा

कापसाचे पैसे हाती आले किंवा निवृत्तीची रक्कम जमा झाली, की मुंबई गाठून क्रूझ करणारी कुटुंबं आता यवतमाळ-वाशीमच्या गावांतही सापडतात. तालुक्याचा एजंट दोनच गोष्टी विचारतो: बजेट किती अन् खिडकी पाहिजे का? खोली कुठल्या डेकवर (म्हणजे जहाजाच्या मजल्यावर), कशाच्या वर अन् कशाच्या खाली, हे ना तो विचारत, ना आपण. झोप मात्र त्यावरच ठरते.

महाग खोली म्हणजे शांत खोली, असं धरून चालणं

बाल्कनीचे पैसे समुद्र पाहण्याचे असतात, शांततेचे नाहीत. शेजारच्या बाल्कनीतल्या गप्पा अन् वरच्या उघड्या डेकवरचं संगीत बाल्कनीतून थेट आत येतं. जहाजाच्या मध्यावरची, बिनखिडकीची आतली खोली बरेचदा जास्त शांत असते, शिवाय दिवसाही काळोखी. मुंबईहून जाणारं कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली बांधलेलं आहे. त्यावर बाल्कनीच्या खोल्या मोजक्याच, बाकी बहुतेक आतल्या किंवा खिडकीच्या. त्यात हळहळण्यासारखं काही नाही.

आवाज किती, यापेक्षा तो कसा आहे हे महत्त्वाचं. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत गाढ झोपणाऱ्या माणसाला जहाजाच्या एसीची एकसुरी घरघर अजिबात जड जात नाही. झोपमोड करतो तो मधूनच येणारा आवाज: फरशीवर ओढलेली खुर्ची, आपटलेलं दार, ट्रॉलीची चाकं.

फक्त आपलाच डेक पाहणं

सगळ्यात जास्त लोक इथंच फसतात. खोलीच्या डावी-उजवीकडे काय आहे ते पाहतात, डोक्यावर काय आहे ते नाही. सोपा नियम असा: वर खोल्या, खाली खोल्या, मध्ये आपली.

हे मोबाइलच्या पडद्यावर नीट कळत नाही. जहाजाचा डेक प्लॅन कंपनीच्या संकेतस्थळावर असतो. झेरॉक्सच्या दुकानात आपला डेक, वरचा अन् खालचा अशा तीन पानांच्या एकाच मापाच्या प्रिंट काढा. लिफ्ट अन् जिन्याच्या चौकोनांवर चौकोन येतील अशी पानं एकावर एक लावा. आपल्या खोलीच्या जागी गोधडीची सुई आरपार टोचा. वरच्या-खालच्या पानावर भोक कुठं पडलं ते पाहा. कागदाच्या कडा जुळवून टोचू नका. डेकची लांबी कमी-जास्त असते, भोक भलतीकडेच पडतं.

वरच्या पानावर भोक पोहण्याच्या तलावाशेजारी पडलं, तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा अन् डेक धुण्याचा आवाज येणार. बुफे किंवा स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या, व्यायामशाळा असेल तर वजनं आपटणं, चालण्याचा ट्रॅक असेल तर पायांची धपधप. खालच्या पानावर नाट्यगृह, डिस्को किंवा कॅसिनो असेल तर गाण्याचे शब्द कळणार नाहीत, पण ढोलाचा ठोका पलंगापर्यंत पोचेल. नकाशात काहीच न लिहिलेली पांढरी जागा दिसली तर तिला मोकळी समजू नका. तिथं बहुतेक कर्मचाऱ्यांची पॅन्ट्री, सामानाची खोली किंवा त्यांची लिफ्ट असते.

एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांनी वेगळी धरावी. क्रूझवरचे कार्यक्रम रात्री उशिरापर्यंत चालतात. नवाला पाठ टेकणाऱ्या अन् पाचला उठणाऱ्या माणसाला पहाटेच्या खुर्च्यांपेक्षा रात्रीचा डिस्को जास्त छळतो. तेव्हा निवड अडली, तर तलावाखालची खोली एकवेळ चालेल (रात्री तिथं डीजे नसतो ना, एवढं मात्र विचारा), नाट्यगृहावरची नको.

टोकाची किंवा तळाची खोली स्वस्तात पटकावणं

पुढच्या टोकाला खालच्या डेकवर दोन त्रास. जहाज धक्क्याला लावताना आडवं सरकवायचं यंत्र, ज्याला थ्रस्टर म्हणतात, ते सुरू होतं अन् भिंती थरथरतात. बंदरात पोचणं बहुधा सकाळीच असतं. दुसरा त्रास नांगराच्या साखळीचा. लक्षद्वीपला मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, समुद्रातच थांबतं अन् लोकांना बोटींनी बेटावर नेतात. नांगर पडला तर लोखंडाचा खडखडाट थेट खोलीत. मागच्या टोकाला प्रोपेलर अन् इंजिनाची थरथर असते. ती एकसुरी, सवयीची होऊ शकते, पण पेल्यात पेला वाजतो. मध्यावरच्या, खालच्या-मधल्या डेकवर जहाज हलतंही कमी, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याने तीच जागा धरावी.

“कंपनी देईल ती खोली चालेल” म्हणणं

यात काही पैसे वाचतात, पण खोली कंपनी ठरवते अन् नंतर कुरकुर करायला जागा उरत नाही. एजंटकडून खोलीचा नंबर बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या. शेजारच्या खोलीत उघडणारं दार आहे का, तेही विचारा. त्या दारातून बोलणं ऐकू येतं. शेजारी आपलेच काका-काकू असतील तर ते दार सोयीचं, परके असतील तर डोकेदुखी. लिफ्टच्या तोंडाशी नको, चार-पाच दारं सोडून घ्या. अन् घरात घोरणारं कोणी असेल तर चौघांनी एका खोलीत कोंबून घेण्यापेक्षा दोन आतल्या खोल्यांचा भाव आधी विचारून पाहा.

जहाजावर गेल्यावर गप्प बसणं

खोली बदलून हवी असेल तर पहिल्याच संध्याकाळी रिसेप्शनला जा. जहाज भरलेलं असेल तर बदल मिळणार नाही, पण दुरुस्ती नक्की मागता येते. “आवाज येतो” म्हणून भागत नाही. “रात्री साडेअकराला, छतातून, पलंगाच्या पायथ्याशी खडखड” असं सांगा.

त्याआधी खोलीतलंच तपासा. जहाज डोलू लागलं की कपाटातले हँगर टिकटिक करतात. सगळे काढून टॉवेलमध्ये गुंडाळा. खण वाजत असेल तर फटीत कागदाची घडी घाला. छताची पट्टी करकरत असेल तर हाताने दाबून पाहा. दाबल्यावर थांबली, तर तंत्रज्ञाला नेमकी तीच जागा दाखवा. बाल्कनीच्या दारातून शिट्टी येत असेल तर ते पूर्ण बसलेलं नाही, कडी शेवटपर्यंत फिरवा. शौचालय हवेच्या दाबावर ओढतं, आवाज मोठा होतो. झाकण लावूनच बटण दाबा. उशाशीच भिंतीपलीकडचा आवाज येत असेल तर उशी पायथ्याकडे नेऊन झोपा.

कानातले फोमचे बोळे गावच्या मेडिकलमधून आधीच घ्या. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, बोळा आत सरकवा अन् फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवा.