ठाण्याच्या गच्चीवरून चंद्र आणि ग्रहांचे फोटो कसे काढावेत

आकाशाचे फोटो काढायचे तर मुरबाड-माळशेजकडे जायला हवे, असे बहुतेकांना वाटते. तेजोमेघ आणि आकाशगंगेसाठी ते खरेच आहे. पण चंद्र, गुरू आणि शनी इतके तेजस्वी आहेत की घोडबंदर रोडच्या दिव्यांनी त्यांचे काही बिघडत नाही. त्यांचे फोटो बिघडवते ती हलणारी हवा. म्हणून आधी हवेची व्यवस्था बघू, कॅमेरा नंतर.

सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री ती उष्णता सोडत राहते. या वर चढणाऱ्या हवेतून पाहिलेला गुरू वाहत्या पाण्याच्या तळाशी पडलेल्या नाण्यासारखा थरथरतो. शक्य असेल तर रात्री दहानंतर सुरुवात करा. एसीच्या बाहेरच्या युनिटवरून किंवा शेजारच्या इमारतीच्या माथ्याला लागून दुर्बीण रोखू नका. सोसायटीत हिरवळीचा तुकडा असेल तर तो गच्चीपेक्षा बरा. दुर्बीण तासभर आधी बाहेर काढून ठेवा, म्हणजे आरसा बाहेरच्या तापमानाला येतो. न्यूटोनियन (दोन आरशांची) दुर्बीण असेल तर तिचे आरसे नीट जुळलेले आहेत ना, हेही याच वेळी तपासा.

आपण विषुववृत्तापासून जेमतेम १९ अंश उत्तरेला आहोत, हे आपले मोठे भाग्य. ग्रह इथे बरेच उंच चढतात आणि जितके उंच, तितका मधला हवेचा थर पातळ. ग्रह आकाशात सर्वात उंच येईपर्यंत थांबाच. पावसाळ्याचे चार महिने सोडून द्यावे लागतात. हिवाळ्यात धुरके दिसले म्हणून मात्र दुर्बीण आवरू नका. पुष्कळदा ती हवा स्थिर असल्याची खूण असते. उलट वारा सुटून आकाश लख्ख झाले आणि तारे जोरात लुकलुकू लागले, तर त्या रात्री ग्रहांचे बारकावे मिळणे कठीण.

सुरुवात चंद्रापासून करा, पण पौर्णिमेला नको. तेव्हा ऊन समोरून पडते, सावल्या उरत नाहीत आणि विवरे सपाट दिसतात. शुद्ध पंचमी ते दशमी हे दिवस उत्तम. अष्टमी-नवमीला ऍपेनाइन पर्वतरांग उजेड-अंधाराच्या सीमेवर उठून दिसते आणि दशमीच्या सुमारास ९३ किलोमीटर रुंदीचे कोपर्निकस विवर. संकष्टीला चंद्र रात्री नऊच्या आसपास उगवतो, त्यामुळे चांगल्या फोटोसाठी मध्यरात्रीपर्यंत जागावे लागेल.

चंद्रासाठी मोबाइल पुरतो. २५ मिमीचा आयपीस (डोळा लावायचे भिंग) लावा आणि मोबाइल अडॅप्टरने घट्ट बसवा. हातात धरून काढलेला फोटो क्वचितच तीक्ष्ण येतो. मुख्य लेन्स निवडा. प्रो मोडमध्ये आयएसओ ५० ते १००, शटर १/१२५ च्या आसपास ठेवा आणि उजळ भाग पांढरा फटक पडत असेल तर शटर आणखी वेगवान करा. फोकस सावल्यांच्या कडेवर साधा, मग लॉक करा. बटण दाबताना दुर्बीण हलते, म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा.

ग्रहांचा एकच फोटो कधीच पुरत नाही. व्हिडिओ घ्यायचा, कारण हजारो फ्रेममधल्या काही नेमक्या हवा क्षणभर थांबली तेव्हाच्या असतात. मोबाइलवर गुरू पांढऱ्या गोळीसारखा दिसला तर पट्टे दिसेपर्यंत एक्स्पोजर खाली आणा. पुढची पायरी म्हणजे आयपीसच्या जागी बसणारा प्लॅनेटरी कॅमेरा. त्याच्या पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घेऊन त्याला पाचने गुणा. साधारण तेवढा एफ-रेशो (दुर्बिणीचे नाभीय अंतर भागिले तिचा व्यास) हवा. २.९ मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/१५ च्या आसपास, म्हणजे १५० मिमी व्यासाच्या एफ/८ दुर्बिणीला २एक्स बार्लो (एफ-रेशो दुप्पट करणारी लेन्स) नेमकी जुळते. लॅपटॉपवर शार्पकॅप किंवा फायरकॅप्चर हे व्हिडिओ टिपणारे सॉफ्टवेअर चालवा. गुरू दहा तासांहूनही कमी वेळात स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. मोटर नसलेल्या डॉब्सोनियनवर (साध्या, हाताने फिरवायच्या बैठकीवरच्या न्यूटोनियनवर) ग्रह चौकटीतून सरकू द्या आणि पुन्हा पुन्हा मध्यावर आणा; पीआयपीपी हे सॉफ्टवेअर नंतर सगळ्या फ्रेम मध्यभागी जुळवून देते.

मग ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरमध्ये सर्वात चांगल्या १० ते २० टक्के फ्रेम एकत्र करा आणि रेजिस्टॅक्स या सॉफ्टवेअरमधल्या वेव्हलेट्सने (बारकावे उठवणाऱ्या सोयीने) तीक्ष्णपणा हळूहळू वाढवा. ग्रहाच्या कडेला पांढरी रेघ उमटली की एक पाऊल मागे या. थोडा मऊ पण खरा गुरू मला केव्हाही जास्त आवडतो.

शुक्र टिपायचा असेल तर सूर्य पूर्ण मावळल्याशिवाय दुर्बीण त्या दिशेला वळवू नका. दुर्बिणीतून सूर्य क्षणभर दिसला तरी डोळा कायमचा जातो.

फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ दोघेही प्रतियुतीत, म्हणजे पृथ्वीवरून पाहता सूर्याच्या विरुद्ध बाजूला, येतील. या खेपेला मंगळाचे बिंब गुरूच्या साधारण एक तृतीयांशच असेल, तेव्हा फोकसचा सराव आधी गुरूवर करून घ्या.