चेनसॉची चेन घेताना गेज कसे जुळवावे

सातारा-सांगली भागात बांधावरची वाळलेली बाभूळ तोडायची असो किंवा पावसाळ्यात पाटण-महाबळेश्वरकडच्या घाटरस्त्यावर आडवे पडलेले झाड हटवायचे असो, कुऱ्हाडीची बरीचशी जागा आता चेनसॉने घेतली आहे. मात्र यंत्र घेताना जेवढी चौकशी होते तेवढी नवी चेन घेताना होत नाही. “अठरा इंची बारची चेन द्या” एवढेच सांगून कराड, विटा किंवा मिरजेच्या दुकानातून पाकीट आणले जाते, आणि घरी आल्यावर ती चेन एक तर बारच्या, म्हणजे चेन ज्याच्या कडेने फिरते त्या लांब पात्याच्या, खाचेत शिरतच नाही, नाहीतर सहज शिरते पण खाचेत डुलते. पहिली चूक तिथल्या तिथे कळते आणि चेन बदलून तरी मिळते. दुसरी प्रत्यक्ष लाकडात उतरल्यावर कळते, आणि तोपर्यंत बारचे नुकसान सुरू झालेले असते.

चेन जुळण्यासाठी पिच, लिंकांची संख्या आणि गेज ही तीन मापे लागतात. पिच, म्हणजे चेनच्या सांध्यांमधले अंतर, काढण्यासाठी लगतच्या तीन रिव्हेटांपैकी (सांधे जोडणाऱ्या खिळ्यांपैकी) पहिल्याच्या मध्यापासून तिसऱ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजून त्याचे निम्मे करावे. ३/८ इंच, म्हणजे तीन सूत पिचच्या चेनमध्ये हे पूर्ण अंतर सुमारे १९ मिलिमीटर भरते, तर ०.३२५ इंचाच्या चेनमध्ये साडेसोळा. पिच क्लचजवळच्या स्प्रॉकेटशी (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राशी) आणि बारच्या टोकाला चक्री असल्यास तिच्याशीही जुळावी लागते. लांबीसाठी इंच न सांगता खाचेत उतरणाऱ्या खालच्या कड्या, म्हणजे ड्राइव्ह लिंक, मोजून आकडा सांगावा, कारण अठरा इंची बारवर यंत्राप्रमाणे ६६, ६८ किंवा ७२ लिंकांची चेन बसते. ही दोन मापे निदान डोळ्यांना दिसतात. गेजचे तसे नाही.

चेनच्या खालच्या अंगाचे जे चपटे टोकदार लिंक बारच्या खाचेत उतरून सरकतात, त्यांची जाडी म्हणजे गेज. नेहमीच्या वापरात चार गेज आढळतात : ०.०४३ इंच म्हणजे १.१ मिलिमीटर, ०.०५० इंच म्हणजे १.३, ०.०५८ इंच म्हणजे १.५ आणि ०.०६३ इंच म्हणजे १.६ मिलिमीटर. शेवटच्या दोहोंतला खरा फरक सुमारे ०.१३ मिलिमीटर, म्हणजे कागदाच्या जाडीहून थोडासाच अधिक आहे. त्यामुळे दोन चेनी शेजारी धरून नजरेने निवाडा करण्याच्या भानगडीत पडू नये. बारची लांबी किंवा पिच यांवरूनही गेज ठरत नाही. ०.३२५ पिचमध्येच १.३, १.५ आणि १.६ अशा तिन्ही जाडीच्या चेनी मिळतात, आणि दुकानात गोंधळ होतो तो बहुधा इथेच.

मोजमाप करण्याआधी कोरलेले आकडे वाचावेत. यंत्र बंद करून ते थंड होऊ द्यावे, प्लगची टोपी काढावी, बॅटरीचे यंत्र असल्यास बॅटरी काढावी, हातमोजे घालावेत आणि मगच कव्हर उघडून बार बाहेर घ्यावा. बारच्या मागच्या, म्हणजे बोल्टच्या लांबट भोकाजवळच्या भागावर पिच, गेज आणि लिंकांची संख्या बहुतेक वेळा कोरलेली असते. तेल आणि भुसा यांचा काळा थर चढल्यामुळे ती दिसत नाही; रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून बार उजेडात तिरपा धरला की अक्षरे उठून दिसतात. जुन्या चेनच्या ड्राइव्ह लिंकवरही खूण असते. स्टिल (Stihl) कंपनीच्या चेनवर तिथे एकच आकडा असतो : १ म्हणजे १.१ मिलिमीटर, ३ म्हणजे १.३, ५ म्हणजे १.५ आणि ६ म्हणजे १.६. ओरेगॉन कंपनीच्या चेनवरचा आकडा पिच आणि गेज दोन्ही एकदम सांगतो, ०.३२५ पिचसाठी २०, २१ आणि २२ हे आकडे अनुक्रमे १.३, १.५ आणि १.६ गेजचे, तर पूर्ण उंचीच्या ३/८ पिचसाठी त्याच क्रमाने ७२, ७३ आणि ७५. लहान यंत्रांवरच्या ठेंगण्या ३/८ चेनवर ९० असेल तर गेज १.१ आणि ९१ असेल तर १.३ समजावे. मात्र यंत्र जुने घेतलेले असेल तर केवळ चेनवरच्या आकड्यावर विसंबू नये, कारण आधीच्या मालकाने चुकीची चेन चढवलेली असू शकते. अशा वेळी बारवरचा आकडा प्रमाण मानावा.

आकडे घासून गेले असतील तर खाच मोजावी लागते, आणि त्यासाठी गॅरेजमध्ये व्हॉल्व्हची फट लावायला वापरतात ते फिलर गेज सर्वांत सोयीचे. प्रथम खाचेतला तेलकट भुसा पातळ पट्टीने शेवटपर्यंत खरवडून काढावा. दाबून बसलेला हा भुसा हाताला लोखंडासारखा टणक लागतो आणि मोजमाप फसवतो. कडांवर बाहेर वळलेली धार आली असेल तर सपाट कानशीने ती उतरवावी. मग १.०० आणि ०.३० च्या पात्या एकत्र धरून १.३ ची जाडी करावी व खाचेत सरळ उतरवून पाहावी. ती गेली तर १.५, आणि तीही गेली तर १.६. खाच चेनपेक्षा किंचित रुंदच ठेवलेली असते, म्हणून जी सर्वांत जाड जोडी जोर न लावता उतरते तेच साधारणपणे त्या बारचे गेज.

साधारणपणे म्हणण्याचे कारण झीज. मापे बारच्या दोन्ही कडांना शेपटीजवळ, मध्यावर आणि टोकाच्या अलीकडे अशी वेगवेगळी घ्यावीत. शेपटीकडे १.५ ची जोडी घट्ट बसते आणि टोकाजवळ १.६ ची सैल जाते, असे आढळले तर तो बार १.५ चाच आहे. टोकाकडची खाच झिजून फाकली आहे एवढाच त्याचा अर्थ. “आता रुंद झालाच आहे तर १.६ ची चेन घाला” असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मानू नये. झीज सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे जाड चेन फाकलेल्या भागात चालते आणि अरुंद भागात अडकते किंवा तापते.

चेन मोजताना व्हर्निअरची (जाडी मोजायच्या सरकत्या मापकाची) टोके ड्राइव्ह लिंकच्या खाचेत जाणाऱ्या भागावरच धरावीत, वरच्या दातांवर किंवा बाजूच्या पट्ट्यांवर नव्हे. चेन कधी उतरली असेल तर काही लिंकांवर खरचटून धार आलेली असते आणि तिथे माप जास्त भरते. म्हणून चार-पाच ठिकाणी मोजावे. १.५ गेजच्या चेनला व्हर्निअरवर १.४७ च्या आसपास दिसले तर गोंधळून जाऊ नये, कारण मूळ माप इंचांतले असून मिलिमीटरचा आकडा जवळचा पूर्ण करून लिहिलेला असतो. पट्टीने हे माप घेता येत नाही.

पातळ चेन रुंद खाचेत टाकली तर काय होते, हे सुक्या बाभळीच्या बुंध्यात चांगले दिसते. दाताने लाकूड धरले की चेन एका अंगाला कलते, काप सरळ न जाता वळत जातो, आणि तो सरळ करण्यासाठी चालवणारा बारला पीळ देऊ लागतो. त्यात खाचेची एक कड जास्त झिजते आणि चेन उतरण्याची शक्यता वाढते. मात्र काप वळला की दोष गेजचाच, असे नाही. डाव्या आणि उजव्या दातांना कानस कमी-जास्त लागली असेल तरीही तो वळतो. म्हणून चेन योग्य ताणून बसवावी आणि लोखंडी पट्टी बारच्या बाजूला अशी टेकवावी की ती एका दातालाही लागेल. पट्टी आणि बार यांच्यात फट दिसली तर खाच ठीक आहे, दोष धारेत शोधावा. चेन कलून फट मिटत असेल तर खाच रुंद आहे किंवा चेन पातळ आहे.

खाचेची खोलीही पाहिली पाहिजे. कडा झिजून खाच उथळ झाली की लिंकांची टोके तळाला टेकतात, चेन कडांवर न बसता अधांतरी डगमगते, आणि अशा बारला कोणत्याही गेजची चेन लावून उपयोग नसतो. तो बदलावाच लागतो.

दुकानात जाताना शक्यतो बार सोबत न्यावा. रिळावरची चेन तोडून रिव्हेट मारून देत असतील तर रिळाच्या खोक्यावरचे गेज स्वतः वाचावे, आणि तोडण्यापूर्वीच चेनचे टोक खाचेत घालून पाहावे. ते बोटाच्या हलक्या दाबाने उतरले पाहिजे, पुढे-मागे मोकळे सरकले पाहिजे आणि आडवे हलवल्यास अगदी नाममात्र हलले पाहिजे. चेन एकदा तोडली की सहसा कोणी परत घेत नाही.