फॉक्सप्रोशिवाय जुनी डीबीएफ फाइल उघडायची असेल तर

इंदुरातल्या एखाद्या मराठी वाचनालयाची जुनी सभासद-यादी डीबीएफमध्ये (जुन्या डेटाबेस प्रोग्रामांच्या तक्ता-फाइलमध्ये) अडकली असेल, तर फॉक्सप्रो हा जुना डेटाबेस प्रोग्राम शोधत बसू नका. मोफत मिळणारं लिब्रेऑफिस कॅल्क (एक्सेलसारखा प्रोग्राम) पुरतं. काम मूळ फाइलवर नाही, प्रतीवर करा. लांबलचक शेरे त्याच नावाच्या एफपीटी किंवा डीबीटी फाइलमध्ये असतात. तीही सोबत घ्या, नाहीतर तो मजकूर हाती लागत नाही. उघडताना कॅल्क बहुधा कॅरेक्टर सेट, म्हणजे अक्षरं कोणत्या संकेतांनुसार वाचायची ते, विचारतं. ‘कुलकर्णी’च्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसली म्हणजे फाइल बिघडली असं नव्हे, मजकूर बहुधा युनिकोड (आजची सगळीकडे चालणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. अशा वेळी विंडोज-१२५२ निवडा, तोच फाँट लावून नावं वाचता येतात का पाहा, मगच कन्व्हर्टरने युनिकोड करा. सेव्ह मात्र ओडीएसमध्ये, म्हणजे कॅल्कच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात करा. कारण डीबीएफमध्ये रकान्याच्या नावाला १० अक्षरांचीच जागा असते.