परसातल्या कोंबड्या आणि कुंपणापलीकडचे शेजारी

तालुक्याच्या गावातील वसाहतीत दोन घरांच्या मध्ये जेमतेम दहा फूट जागा असते. अशा ठिकाणी चार-सहा कोंबड्या पाळायच्या असतील, तर खुराडे बांधण्याआधी शेजाऱ्यांशी बोलावे. पिल्ले आणून झाल्यावर मागितलेली संमती ही संमती नसते, ती भीड घालणे असते. नगरपालिकेचे आणि गृहनिर्माण संस्थेचे नियमही त्याआधीच विचारून घ्यावेत.

पहिली तक्रार हमखास कोंबड्याच्या आरवण्याची असते. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते; तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, पाच-सहा महिन्यांची झाली की कोंबड्याशिवायही अंडी घालू लागते, फक्त त्या अंड्यांतून पिल्ले निघत नाहीत. म्हणून दाट वस्तीत कोंबडा ठेवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खुराड्यावर गोणपाट टाकण्याचा उपाय मी करून पाहिला आहे. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही हे खरेच, पण झाकलेले कोंबडे आरवायचेही राहत नाही, कारण त्याचे आरवणे केवळ उजेडावर नव्हे, तर शरीरातील घड्याळावरही चालते. गिरिराज, वनराज अशा जातींची पिल्ले बहुधा नर-मादी न निवडता मिळतात, त्यामुळे त्यांत काही नर निघणारच. ते मोठे झाल्यावर कुठे जातील, हे शेजाऱ्यांना आधीच सांगावे. अंडे घातल्यावर कोंबडी काही मिनिटे कलकलते, हेही लपवू नये.

दुसरी तक्रार वासाची असते, आणि हा वास मुख्यतः ओल्या विष्ठेचा असतो. एक कोंबडी दिवसाला साधारण १०० ग्रॅम विष्ठा टाकते, म्हणजे सहा कोंबड्यांची महिन्याला सुमारे १८ किलो होते. ती ओली राहिली की अमोनिया सुटतो आणि माश्या होतात. खुराड्यात चार इंच जाडीचे भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा पसरावा आणि दर दोन-तीन दिवसांनी दाताळ्याने खालीवर करावा. मूठभर भुसा दाबून पाहावा: मूठ उघडताच तो मोकळा सुटला तर ठीक, त्याचा गोळा राहिला तर ओल झाली आहे. ओलीचे मूळ बहुतेक वेळा पाण्याच्या भांड्यापाशी सापडते. ते विटेवर, कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवावे. पावसाळ्यात आपल्याकडे वारा पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, तेव्हा शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या त्या बाजूला खुराडे नको.

उंदीर आणि त्यांच्यामागून येणारे साप यांची भीती असते, तिला उत्तर सोपे आहे: खाद्य झाकणाच्या डब्यात ठेवावे, सांडलेले दाणे संध्याकाळी झाडून घ्यावेत आणि अंडी रोज उचलावीत.

रोगाची शंका मात्र हसण्यावारी नेऊ नये. २००६ मध्ये नवापूरला आणि २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात बर्ड फ्लू आढळला होता, आणि लोकांच्या ते लक्षात आहे. मानमोडीच्या, म्हणजे कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या, लसींच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात आणि शेजाऱ्यांनी विचारल्यास वही दाखवावी. एकाएकी दोन-तीन कोंबड्या मेल्या, तर त्यांना उघड्या हातांनी न शिवता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. मेलेली कोंबडी नाल्यात टाकणे हा तर शेजाऱ्यांचा विश्वास कायमचा घालवण्याचा मार्ग आहे.

अंडी भेट देण्याआधीही जरा चौकशी करावी. पहिल्याच महिन्यात मी पलीकडच्या काकूंकडे वाटीत सहा अंडी घेऊन गेलो आणि त्या दारातच दोन पावले मागे सरकल्या. त्यांच्या घरात अंडे येत नाही. अशा शेजाऱ्यांच्या नजरेसमोर अंगणात कोंबडी कापू नये, हे वेगळे सांगायला नको. आता मी काकूंना त्यांच्या जास्वंदीसाठी कोंबडीखत देतो. ताजे खत मुळे जाळते, म्हणून ते पालापाचोळ्यात दोन-तीन महिने मुरवून, वास पुरता गेल्यावरच बादलीत भरतो.