सरकारी एरोस्पेस संस्थेत शास्त्रज्ञ होण्यासाठी काय करावे

इस्रो किंवा डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेत जाण्यासाठी एरोस्पेसचीच पदवी लागते, हा समज आधी काढून टाकावा. जागा प्रामुख्याने मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटर या शाखांच्या निघतात. इस्रोच्या ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ पदासाठी पदवीला ६५ टक्के किंवा १० पैकी ६.८४ सीजीपीए (सर्व सत्रांची एकत्रित श्रेणी-सरासरी) लागतो, आणि अलीकडच्या जाहिरातींत खुल्या गटाची वयोमर्यादा २८ वर्षे आहे. त्यामुळे एखादे सत्र घसरलेच तर ते पुढच्या सत्रांत भरून काढावे, कारण ही अट हुकली की पुढची तयारी कितीही चांगली असली तरी अर्जच करता येत नाही. डीआरडीओच्या ‘सायंटिस्ट बी’साठी मुख्यतः ‘गेट’ या अभियांत्रिकीच्या राष्ट्रीय परीक्षेच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतात, म्हणून गेट परीक्षा गांभीर्याने द्यावी. बारावीतच निश्चय झाला असेल, तर जेईई ॲडव्हान्स्डमार्गे तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अवकाश विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचा रस्ता आहे; ही संस्था २००७ पासून खास अवकाश विभागासाठी चालवली जाते.

खरी कसोटी मुलाखतीत लागते. तिथे आवडीचा विषय बहुधा उमेदवारालाच विचारतात आणि मग त्याच विषयात खोल शिरतात. उदाहरणार्थ, रॉकेटच्या नॉझलचा, म्हणजे तप्त वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचा, घसा अरुंद करून पुढचा भाग पुन्हा रुंद का ठेवतात, असे विचारले, तर ‘वेग वाढावा म्हणून’ एवढ्यावर भागत नाही. घशापाशी वायू ध्वनीचा वेग गाठतो आणि त्यापुढे वेग वाढतो त्याहून झपाट्याने त्याची घनता घटते, म्हणून त्याला अधिक रुंद वाट लागते, हे कागदावर समीकरण मांडून सांगता आले पाहिजे. माझ्या मते चार विषय वरवर वाचण्यापेक्षा दोन विषय आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प पक्का करावा. प्रकल्प विकत घेतलेला असेल, तर ते दुसऱ्या प्रश्नातच उघडे पडते.

दोन्ही पदे वेतनस्तर १० ची असून सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. पुढील बढती बरीच वर्षे रिक्त जागांवर अवलंबून नसते, तर ठरावीक सेवेनंतर कामाचे मूल्यमापन होऊन मिळते. नेमणूक पुण्याच्या पाषाणमधील एआरडीई या डीआरडीओच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत होईल की श्रीहरिकोट्याला, हे मात्र आपल्या हाती फारसे नसते.

महाराष्ट्रातील ओबीसी उमेदवारांनी नॉन-क्रीमीलेयर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातच काढावा, आणि तोही जाहिरात येण्याआधी. राज्याच्या नमुन्यातला दाखला इथे चालत नाही.